गाडी चोरीला जाऊ नये म्हणून, आणि गेलीच तर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात दुचाकी चोरीबद्दलचे प्रश्न मागवले होते. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातून पत्रं आली. बरेच प्रश्न सारखे होते, ते एकत्र केले आहेत. उत्तरं गॅरेज, विमा आणि पोलीस-कोर्टाची कामं रोज हाताळणाऱ्या मंडळींनी मिळून लिहिली आहेत. आपला भाग तीन राज्यांच्या सांध्यावर आहे. बेळगावातून निघालेली गाडी शिनोळीमार्गे अर्ध्या तासात महाराष्ट्रात आणि जांबोटी-चोर्ला घाटाने दोनेक तासांत गोव्यात पोचते. त्यामुळे इथे कुलुपाइतकाच पहिला तास मोलाचा आहे, आणि कागदही.

प्रश्न : हँडल लॉक करून दारात लावलेली दहा वर्षांची स्प्लेंडर रात्रीत गेली. कुलूप असून गाडी जाते कशी? आता नवी घेतोय, तिला काय बसवू?
— एक वाचक, शहापूर

हँडल लॉक म्हणजे किल्लीच्या कुलपातून बाहेर येणारी एक छोटी पिन. ती चेसीसच्या मानेजवळच्या खाचेत बसते. हँडल हा लांब दांडा असल्यामुळे त्याला दिलेला हिसका पिनेवर कितीतरी पटींनी येतो आणि ती वाकते किंवा मोडते. दुसरं कारण झिजलेलं कुलूप. दहा वर्षांत किल्लीचे दात आणि आतल्या पट्ट्या इतक्या झिजतात की दुसरीच किल्ली हलवून हलवून लागते. तुमची गाडी चालू असताना किल्ली निसटून बाहेर येत असेल किंवा अर्ध्यातच फिरत असेल, तर कुलूप संपलं समजा. इग्निशन, टाकीचं झाकण आणि साइड कव्हर असा पूर्ण लॉक सेट बदला आणि तो कंपनीचाच घ्या. जुन्या दोन्ही किल्ल्या आणि नव्या सेटचं बिल जपून ठेवा. विम्याच्या वेळी त्याचं काम पडतं, ते पुढे येईलच.

नव्या गाडीला हँडल लॉकखेरीज निदान एक वेगळं कुलूप हवं. पुढे डिस्क ब्रेक असेल तर डिस्क लॉक सोपं पडतं. विकत घेण्याआधी डिस्कच्या भोकाचा व्यास मोजा. लहान गाड्यांच्या भोकांत बहुधा ६ किंवा ७ मिलिमीटरची पिन बसते, १० मिलिमीटरची आत जात नाही. कुलूप कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला आवळणाऱ्या ब्रेकच्या भागाच्या, अगदी लगत लावा, म्हणजे चाकाला फिरायला जागाच राहत नाही. ते लावलेलं विसरून गाडी काढली तर कॅलिपरचा ब्रॅकेट वाकतो, डिस्क वाकडी होते आणि माणूस पडतो. म्हणून कुलुपापासून हँडलपर्यंत जाणारी रंगीत गुंडाळीची तार मिळते ती लावाच. आवाज करणारं डिस्क लॉक गल्लीत उपयोगी आहे, कारण शेजारी जागे होतात. पण त्यातले छोटे सेल आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात लवकर उतरतात. पावसाळ्याआधी सेल बदला आणि किल्लीचं भोक खाली तोंड करून राहील असं कुलूप लावा.

डिस्क लॉकची मर्यादाही ओळखून असा. त्याने चाक अडतं, गाडी जागेला बांधली जात नाही. दोघांनी उचलून टेम्पोत टाकली तर ते काही करत नाही. रात्रभर एकाच जागी राहणाऱ्या गाडीला साखळीच पाहिजे, आणि ती एखाद्या न हलणाऱ्या वस्तूला बांधलेली. प्लॅस्टिकच्या वेष्टनातली जाड दिसणारी वायर घेऊ नका. आत बारीक तारा असतात, साध्या कटरने तुटतात. कडक केलेल्या पोलादाची, चौकोनी कड्यांची १० मिलिमीटरची साखळी घ्या. मीटरला दोन किलोंच्या वर वजन भरतं, म्हणून ती घरीच ठेवायची, रोज बरोबर वागवायची नाही. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका. जमिनीवर कटरचा एक दांडा टेकवून दुसऱ्यावर अंगाचा भार टाकता येतो, हवेत ताणलेल्या साखळीवर ते जमत नाही. अलॉय चाक असेल तर साखळी चाकातून आणि चेसीसमधून घ्या. तारांचं चाक असेल तर फक्त आऱ्यांतून घेऊ नका, आरे कापायला मिनिट लागत नाही.

बांधायला खांब नसेल तर अंगणात कडी पुरता येते. एक फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. १६ मिलिमीटरचा गज यू आकारात वाकवा, त्याची दोन्ही टोकं खाली बाहेरच्या बाजूला आडवी वळवा आणि एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी या मिश्रणात पुरा. अशा खड्ड्याला साधारण पाव पोतं सिमेंट लागतं. सात दिवस पाणी मारा, तोवर कडी वापरू नका. टोकं आडवी वळवायला गवंडी कंटाळा करतो, पण तीच खरी पकड आहे. सरळ गज पहारीने हलवून उपसता येतो.

प्रश्न : उसाला पाणी द्यायला जाताना गाडी रस्त्याकडेला लावावी लागते, दोन-तीन तास नजरेआड असते. ड्रम ब्रेकची गाडी आहे, डिस्क लॉक बसत नाही.
— एक शेतकरी वाचक, चिकोडी तालुका

पुढच्या चाकातून आणि फोर्कच्या दोन पायांमधून जाईल असं यू आकाराचं कुलूप घ्या. ते लागलं की चाक फिरत नाही. मात्र मडगार्ड आणि टायर यांच्यातली जागा आधी मोजा, नाहीतर कुलूप अडकतं. जवळ झाड असेल तर मीटरभर साखळी पिशवीत ठेवा आणि बुंध्याला बांधा. फांदीला नको. मोटारीच्या खोलीला लोखंडी दार असेल तर गाडी आतच घ्या.

आणि एक. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून किल्ली गाडीला ठेवून बांधावर जाणं इथे फार चालतं. गाडी गेल्यावर विमा कंपनी पहिला प्रश्न किल्लीचाच विचारते.

प्रश्न : गुपित स्विच बसवावा की जीपीएस? मेकॅनिक दोन्ही बसवून देतो म्हणतो, पण वॉरंटी जाईल अशी भीती वाटते.
— एक वाचक, टिळकवाडी

भीती रास्त आहे. कंपनीचं वायरिंग कापून जोड दिला तर विजेच्या भागांची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. वॉरंटी संपेपर्यंत चांगलं कुलूप आणि वायरिंगला हात न लावता बसणारा, स्वतःची बॅटरी असलेला ट्रॅकर एवढ्यावर भागवा.

वॉरंटी संपल्यावर गुपित स्विच हा कमी खर्चात चांगला अडथळा आहे. मात्र तो कुठल्या तारेवर बसवायचा हे गाडीवर ठरतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या काही गाड्यांत इग्निशन बंद करणं म्हणजे सीडीआयची (प्लगला ठिणगी देणाऱ्या डबीची) एक तार अर्थला जोडणं असतं. तिथे जोडणारा स्विच लागतो. काहींत सीडीआयला बॅटरीचा पुरवठा असतो, तिथे तोडणारा. बीएस-६ च्या इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोल पंपाचा पुरवठा तोडणं सोपं असतं. पंपाचा पूर्ण प्रवाह लहान स्विचमधून नेऊ नका. स्विच रिलेच्या (थोड्या प्रवाहावर मोठा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भागाच्या) कॉइलवर लावा किंवा निदान १० अँपिअरचा स्विच वापरा. ईसीयूकडे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाकडे) आणि मीटरकडे जाणाऱ्या सिग्नलच्या बारीक तारांना अजिबात हात लावू देऊ नका. मेकॅनिक गाडीचा सर्किट डायग्राम न बघता अंदाजाने तार शोधायला लागला तर काम थांबवा.

गडबड बहुतेक जोडात होते. नुसती तार पिळून वर काळी टेप गुंडाळली की दुसऱ्या पावसाळ्यात जोड हिरवा पडतो आणि गाडी चालता चालता बंद पडते. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर ट्रकच्या पुढे असं झालं तर जिवावर बेतेल. जोड सोल्डर करून घ्या, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा. स्विच सीटखाली पहिल्याच नजरेत दिसेल असा नको. काम झाल्यावर स्विच बंद ठेवून गाडी सुरू होत नाही ना, आणि चालू ठेवून खडबडीत रस्त्यावर अर्धा तास बंद पडत नाही ना, दोन्ही तपासा.

जीपीएस चोरी थांबवत नाही, गाडी कुठे गेली ते सांगतो. तार जोडून बसणारा घेतलात तर त्याला स्वतःचा १ किंवा २ अँपिअरचा फ्यूज हवाच. तो उभ्या गाडीत किती प्रवाह खातो तेही विचारा. सतत ३० मिलिअँपिअर ओढणारा ट्रॅकर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास संपवतो. छोट्या गाडीची ३ अँपिअर-तासांची बॅटरी त्यावर चार दिवसांत बसते, आणि सेल्फ त्याआधीच मारायचा बंद होतो. झोपेत ५ मिलिअँपिअरपेक्षा कमी खाणारा घ्या. सिमचंही बघा. स्वस्तातले बरेच ट्रॅकर २जी वर चालतात आणि जिओकडे २जी नाहीच, त्यामुळे त्यात ते सिम चालणार नाही. जांबोटीच्या पुढे किंवा अनमोडच्या जंगलात रेंज जाते. तेवढ्या काळातली ठिकाणं साठवून रेंज आल्यावर पाठवणारा ट्रॅकर आपल्या भागात घ्यावा. तो टाकीच्या मागे, प्लॅस्टिकच्या भागाखाली, ॲन्टेनाची बाजू वर करून लपवा. वर लोखंड आलं की सिग्नल मिळत नाही.

ब्लूटूथचे छोटे टॅग जवळून जाणाऱ्या फोनांच्या भरवशावर ठिकाण कळवतात. शहरात उपयोग होतो. माळावर उभ्या केलेल्या गाडीबद्दल ते तासन्‌तास काही सांगत नाहीत.

ट्रॅकरवर गाडी दिसली म्हणून दोन मित्र घेऊन तिकडे धावू नका. ११२ ला फोन करा, लाइव्ह ठिकाण पोलिसांना दाखवा आणि त्यांच्याबरोबर जा.

प्रश्न : खडे बाजारात स्कूटर लावून खरेदीला जाते. गाडी राहते, पण डिकी उघडून सामान नेल्याचं ऐकलं. मूळ आर.सी. डिकीतच असते, चालेल का?
— एक वाचिका, कॅम्प

मूळ आर.सी. आजच काढून घरी ठेवा. गाडीबरोबर आर.सी. गेली तर चोराला गाडी विकायला कागदही मिळाला. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली आर.सी. आणि लायसन पोलिसांना दाखवायला चालतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१८ साली तशी दुरुस्ती झाली आहे.

डिकीचं कुलूप हे एक हलका हूक असतो. सीटची कड जोर लावून उचलली की फटीतून हात जातो, कधी हूकच निसटतो. बँकेतून काढलेली रक्कम डिकीत ठेवून पुढच्या दुकानात जाणं पूर्ण टाळा. अशा चोऱ्यांत बँकेपासूनच पाळत असते. किल्लीच्या भोकावरचं चुंबकी झाकण रोज बंद करा. ते उघडं राहिलं तर भोकात पातं घालून कुलूप फिरवता येतं. डिकी उघडायला किल्ली सीटच्या कुलपात लावली आणि तशीच राहिली, हाही प्रकार खरेदीच्या घाईत होतो. गाडीपासून निघताना किल्ली हातात आहे का हे बघायची सवय लावा.

प्रश्न : पाहुण्यांच्या लग्नाला शिनोळीला गेलो होतो. कार्यालयाबाहेरून गाडी गेली. मी राहतो वडगावात, गाडी केए-२२. तक्रार बेळगावात द्यायची की चंदगडला? दोन्हीकडून टोलवाटोलवी झाली तर?
— एक वाचक, वडगाव

आधी पाच मिनिटांत तीन गोष्टी बघा. वाहतूक पोलिसांनी उचलली नाही ना, हप्ता थकला म्हणून फायनान्स कंपनीने नेली नाही ना, आणि घरातल्याच कुणी दुसऱ्या किल्लीने नेली नाही ना. हे झालं की लगेच ११२. सीमेजवळ तुमचा फोन शेजारच्या राज्याच्या टॉवरवर असू शकतो, म्हणून गाव, तालुका आणि जिल्हा स्पष्ट सांगा.

आता तक्रार. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असला तरी कुठल्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते. त्यालाच झीरो एफआयआर म्हणतात. पुढे ते ठाणं तो गुन्हा हद्दीच्या ठाण्याकडे पाठवतं. म्हणजे बेळगावातही नोंद होऊ शकते. तरीही आमचा सल्ला असा की तुम्ही शिनोळीतच उभे असाल तर तिथल्या हद्दीच्या ठाण्यातच जा. पंचनामा, कार्यालयाचा कॅमेरा, आजूबाजूच्या दुकानांचे कॅमेरे हे सगळं त्यांनाच करायचं आहे, आणि कागद इकडून तिकडे जाण्यात दिवस जातात. परत घरी आला असाल तर मात्र उद्यावर टाकू नका, बेळगावात झीरो एफआयआर द्या. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते.

तोंडी सांगितलेली माहिती पोलिसांनी लिहून घ्यायची आणि तुम्हाला वाचून दाखवायची, आणि एफआयआरची प्रत फुकट द्यायची, हेही त्याच कलमात आहे. कर्नाटकात एफआयआर कन्नडमध्ये येते. कन्नड वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. गाडीचा नंबर, चेसीस नंबर, इंजिन नंबर ही अक्षरं-आकडे मात्र स्वतः आर.सी.शी एकेक करून ताडून बघा. एक आकडा चुकला तर पुढे विमा अडतो आणि सापडलेली गाडी तुमच्या गुन्ह्याशी जुळत नाही. ‘रात्री गेली’ असं मोघम लिहू देऊ नका. अमुक वाजता लावली, अमुक वाजता नव्हती, हँडल लॉक होतं की नव्हतं, किल्ल्या कुणाकडे आहेत, गाडीवर काय वेगळी खूण आहे, हे सगळं खरं खरं यायला हवं.

कुणी नोंदच घेत नसेल तर लेखी माहिती पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा. बेळगाव शहरात पोलीस आयुक्तांकडे द्या. पोस्टाची पावती ठेवा. त्यानेही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

कॅमेऱ्यांचं त्याच दिवशी बघा. दुकानातल्या रेकॉर्डरवर जुनं चित्रण पुसून त्यावर नवं चढतं, कुठे आठवड्याने तर कुठे महिन्याने. कुठल्या दुकानाला कॅमेरा आहे, त्याचं तोंड कुठे आहे, त्याचं घड्याळ किती पुढे-मागे आहे, अशी यादी करून पोलिसांना द्या. निपाणीच्या दिशेने गाडी गेली असा संशय असेल तर कोगनोळी टोलनाक्याचा कॅमेराही यादीत घाला. महामार्गावर दुचाकीला टोल नाही, म्हणून फास्टॅगची नोंद मिळत नाही. चित्रण हाच तिथला धागा आहे.

प्रश्न : गाडीचा पाच वर्षांचा विमा आहे. तिसऱ्या वर्षी चोरीला गेली, तर कंपनी म्हणते काहीच मिळणार नाही. हे कसं?
— एक वाचक, खानापूर

हा प्रश्न सगळ्यात जास्त पत्रांत आहे, आणि वाचून वाईट वाटतं, कारण शोरूमच्या टेबलावर हे कुणी समजावून सांगत नाही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो उपयोगी पडतो. तुमची स्वतःची गाडी चोरीला गेली तर त्यातून एक रुपया मिळत नाही. चोरी येते ‘ओन डॅमेज’ भागात, आणि नव्या गाडीबरोबर तो बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन वेगळ्या मुदती छापलेल्या असतात. ‘ओन डॅमेज’समोरची तारीख उलटून गेली असेल तर आजच वेगळी ओन डॅमेज पॉलिसी घ्या. ती स्वतंत्र मिळते, थर्ड पार्टी पुन्हा घ्यावी लागत नाही.

चोरीत मिळते ती आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत लिहिलेली गाडीची किंमत. घसारा ठरलेला आहे : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. त्यापुढे कंपनी आणि मालक मिळून ठरवतात. शोरूम किंमत ८०,००० ची गाडी अडीच वर्षांची असेल तर आयडीव्ही ५६,००० च्या आसपास येते. हप्ता कमी व्हावा म्हणून एजंट आयडीव्ही खाली ओढतो. त्यात वाचतात थोडे रुपये आणि गाडी गेल्यावर हजारांचा फटका बसतो.

गाडी गेली की एफआयआरच्याच दिवशी कंपनीला फोन करा आणि ई-मेलही टाका. उशीर झाला म्हणून दावा नाकारला असेल तर हातपाय गाळू नका. एफआयआर लगेच केली असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं या कारणावरून खरा दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने गुरशिंदर सिंग खटल्यात २०२० साली सांगितलं आहे. कंपनीला लागतात ते कागद असे : एफआयआर, आर.सी., पॉलिसी, आरटीओला चोरी कळवल्याची पोच, दोन्ही किल्ल्या, सही केलेले एनओसीचे आणि मालकी बदलाचे फॉर्म २८, २९, ३०, आणि तपास लागला नाही हा पोलिसांचा अखेरचा अहवाल. कर्नाटकात त्याला ‘सी रिपोर्ट’ म्हणतात. तो आपोआप घरी येत नाही. ठाण्यात आणि मग कोर्टात पाठपुरावा करून त्याची प्रमाणित प्रत घ्यावी लागते, आणि दावे इथेच सगळ्यात जास्त रखडतात. गाडीवर कर्ज असेल तर विम्याची रक्कम आधी फायनान्सकडे जाते. तोवर हप्ते भरत राहा, गाडी गेली म्हणून हप्ते थांबत नाहीत.

एक किल्ली हरवली असेल तर तसं खरं सांगा. हरवल्याची जुनी तक्रार किंवा लॉक सेट बदलल्याचं बिल असेल तर जोडा. बाजारातून पाडून आणलेली किल्ली दुसरी म्हणून देऊ नका. ती चटकन ओळखू येते आणि चांगला दावा संशयात जातो. अट मोडल्याचं कारण सांगून कंपनीने सगळंच नाकारलं, तर ७५ टक्क्यांपर्यंत तडजोडीने द्यावं असा निकाल अमलेंदु साहू खटल्यात २०१० साली झाला आहे, त्याचा उल्लेख करून लेखी मागणी करा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर बेंगळुरूच्या विमा लोकपालाकडे किंवा बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षं.

प्रश्न : निपाणीत एमएच-०९ पासिंगची गाडी निम्म्या किमतीत मिळतेय. आर.सी. नंतर देतो म्हणतात. घ्यावी का?
— एक वाचक, निपाणी

नाही. कागद नंतर आणि गाडी आत्ता असा व्यवहार असेल तर गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून किंवा तसं समजायला कारण असून तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. निम्मी किंमत आणि कागद नाहीत, यापेक्षा मोठं कारण कोर्टाला काय हवं?

कागद असलेली परराज्याची गाडी घेत असाल तर दिवसाउजेडी बघा. हँडल डावीकडे वळवलं की मानेच्या उजव्या बाजूला बहुतेक गाड्यांचा चेसीस नंबर दिसतो. रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि टॉर्च तिरका धरा. घासल्याच्या रेषा, आसपास नवा रंग, एखादा आकडा जास्त खोल किंवा वेगळ्या वळणाचा, ही छेडछाडीची लक्षणं. नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. पहिली तीन अक्षरं कंपनी सांगतात : हिरोची एमबीएल, होंडाची एमई४, बजाजची एमडी२, टीव्हीएसची एमडी६, रॉयल एनफिल्डची एमई३. टाकीवर एक नाव आणि चेसीसवर दुसऱ्याच कंपनीची अक्षरं असतील तर तिथूनच परत फिरा. इंजिन नंबरही आर.सी.शी ताडा. मग एम-परिवहनवर नंबर घालून मालकाच्या नावाची अक्षरं, रंग, कर्जाचा बोजा बघा, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या डिजिटल पोलीस पोर्टलवर गाडी चोरीच्या यादीत आहे का ते तपासा.

नंबर प्लेटही बोलते. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाडीला कारखान्यापासून हाय सिक्युरिटी प्लेट असते. डाव्या खालच्या कोपऱ्यात लेझरने कोरलेला क्रमांक आणि एकदा बसवला की न तोडता निघत नाही असा रिव्हेट. त्याजागी साधे नट-बोल्ट असतील तर कारण विचारा.

महाराष्ट्राच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, हा इथला कळीचा कागद. ती देण्याआधी गाडीबद्दल चोरीची नोंद नाही असा पोलिसांचा लेखी अहवाल आरटीओने घ्यायचा असतो. पैशांचा मोठा भाग एनओसी हातात आल्यावरच द्या. मालकी बदलाची नोंद करायला घेणाऱ्याला ३० दिवस मिळतात. कर्नाटकात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घेणं आणि रोड टॅक्स भरणं आलं. तो खर्च किमतीत आधीच धरा, परराज्याची गाडी वाटते तितकी स्वस्त पडत नाही.

प्रश्न : माझी गाडी त्या दिवशी बेळगावातच होती, तरी कोल्हापूरचं ई-चलन आलं.
— एक वाचक, अनगोळ

चलनातला फोटो उघडा. मॉडेल, रंग, आरसा, सीट, स्टिकर यांत फरक दिसला तर तुमच्या नंबरची खोटी प्लेट दुसऱ्या गाडीवर फिरते आहे, आणि ती बहुधा चोरीची असते. दंड भरून मोकळे होऊ नका. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे. तिथे तुमच्या गाडीचे चारही बाजूंचे फोटो, प्लेटवरच्या लेझर क्रमांकाचा जवळून काढलेला फोटो आणि त्या दिवशी गाडी कुठे होती याचा पुरावा टाका. हजेरी, सर्व्हिसिंगचं बिल, ट्रॅकरची नोंद, काहीही चालेल. त्याच कागदांसह बेळगावच्या ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. उद्या त्या गाडीने अपघात केला तर तुमच्या दारात पोलीस येतील, तेव्हा ही पोच दाखवता येईल.

प्रश्न : पैसे देऊन पार्किंगमध्ये लावली होती, पावतीवर ‘जबाबदारी मालकाची’ छापलंय. मग काहीच करता येत नाही?
— एक वाचक, शहापूर

येतं. हॉटेलच्या ताब्यात दिलेली मोटार चोरीला गेल्याच्या ताजमहाल हॉटेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितलं की नीट काळजी घेतल्याचं आधी दाखवल्याशिवाय हॉटेलला अशा छापील ओळीमागे लपता येत नाही. तिथे किल्ली हॉटेलकडे दिलेली होती. तुम्ही किल्ली स्वतःकडे ठेवली असेल तर बाजू थोडी कमजोर आहे. तरी पैसे, पावती आणि आत-बाहेर जायला राखणदार असेल तर ग्राहक आयोगात जाण्यासारखं आहे. पावती टाकून देऊ नका, तिचा फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची शाई उडते.

प्रश्न : चार महिन्यांनी गाडी गोव्याच्या पोलिसांना सापडली. ठाण्यात पावसात उभी आहे. परत कशी मिळेल?
— एक वाचिका, खानापूर तालुका

विम्याची रक्कम घेतली असेल तर गाडी आता कंपनीची आहे, कंपनीला कळवा. घेतली नसेल तर ज्या हद्दीत गाडी जप्त आहे तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तात्पुरत्या ताब्यासाठी अर्ज करायचा. तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली होतो, खटला कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर. अर्जात सुंदरभाई अंबालाल देसाई या २००२ च्या निकालाचा उल्लेख करायला वकिलांना सांगा. गाड्या ठाण्यात गंजत ठेवू नयेत, पंचनामा आणि फोटो घेऊन, हमीपत्र लिहून मालकाला द्याव्यात, असं त्यात सांगितलं आहे. आर.सी., विमा, आधार, एफआयआरची प्रत आणि कर्ज असेल तर फायनान्सचं पत्र लागतं. खटला संपेपर्यंत गाडी विकायची नाही, रंग बदलायचा नाही, बोलावलं की कोर्टात आणायची, अशा अटी असतात.

ताब्यात घेताना चेसीस आणि इंजिन नंबर स्वतः वाचा. इंजिन बदललेलं निघालं तर तिथेच लेखी नोंद करून घ्या. गाडी सुरू करून चोर्ला घाटाने चालवत आणू नका. महिनोन्‌महिने उभ्या गाडीचे ब्रेक, टायर, वायरिंग आणि पेट्रोल यांचा भरवसा नसतो, टेम्पोत घालून आणा. गॅरेजमध्ये टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, ऑइल बदला, ब्रेक शू किंवा पॅड उघडून बघा, पूर्ण लॉक सेट नवा बसवा. प्लेट गेली असेल तर एफआयआर जोडून नव्या हाय सिक्युरिटी प्लेटसाठी अर्ज करा. कोर्टाचा आदेश आरटीओला देऊन चोरीची नोंद काढून घ्या. ती तशीच राहिली तर पुढे विक्रीला आणि एनओसीला अडते, आणि नाक्यावर नंबर तपासला की तुमचीच गाडी तुम्हाला उतरवून घेतात.